चारचा गरम पाव

३ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचा रक्तदाब नुसत्या गोळ्यांनी उतरायचा नाही. दिवसभर जे तोंडावाटे काढता, त्यातलं थोडं कागदावर काढत जा." म्हणून ही वही. सांगणाऱ्याचं काय जातंय? पण औषध कडू असलं तरी घेतोच की आपण, तसं हेही घेऊन बघू.

आजचा राग धाकटीचा. धाकटी म्हणजे माझी जाऊ. शाळेत भूगोल शिकवते. माणसाला नवऱ्याची काळजी असते, पोटाची असते, गुडघ्याची असते. हिला उत्तर ध्रुवाची लागली आहे. तिकडे बर्फ वितळतो आणि इकडे हिच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी पेपर हातात घेतला की बोटं थरथरायला लागतात. भाऊजी, म्हणजे माझे दीर, आता पेपर माझ्या दुकानात लपवून ठेवतात आणि बातम्या इथे उभ्याने वाचून वर जातात. एवढा मोठा माणूस, बायकोच्या भीतीने पावाच्या ट्रेमागे पेपर वाचतो.

तिच्या शाळेतल्या समुपदेशकाने तिला सांगितलं, की ही हवामानाची चिंता हल्ली पुष्कळांना असते. एकटीने करू नका, चारजणांत बसून करा. म्हणजे आजवर एक रडत होती, आता मंडळ रडणार! दर रविवारी दुपारी, आमच्या मागच्या अंगणात. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, अंगण सामाईक आहे ना?" आहे हो. बेकरी माझी एकटीची, डोकेदुखी तेवढी सामाईक.

६ एप्रिल, रविवार

जमलं मंडळ. सातआठ डोकी. एक निवृत्त इंजिनिअर आहे, सायकलवरून येतो आणि बसल्यावरही हेल्मेट काढत नाही. दिसेल ते बटण बंद करायची त्याला खोड. येता येता आमच्या जिन्यातला दिवा बंद केला आणि मागून येणारे भाऊजी दोन पायऱ्या एकदम उतरले. एक जिमवाला आहे, दंड एवढाले आणि बोलताना डोळ्यांत पाणी. शेजारच्या इमारतीतली बाळंतीण बाळाला घेऊन आली होती. बाकीची मंडळी नुसती मान हलवायला.

नियम काय, तर एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. सल्ला द्यायचा नाही तर माणसं जमतात कशाला?

मला हे कळलं कसं, तर भट्टीच्या खोलीची मागची खिडकी अंगणात उघडते. खिडकीशेजारीच एक्झॉस्ट पंखा. तो असा भणभणतो की शेजारी कोणी मेलं तरी कळू नये. मी बटण बंद केलं आणि खिडकीशी उभी राहिले. भट्टीमामा लाकडं सारत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत लाकडांकडे पाहिलं. मामा मोजकंच बोलतात, म्हणून तर इतकी वर्षं टिकले माझ्याकडे. माझ्या लग्नाआधीपासून ते या भट्टीवर आहेत. आमचे हे त्यांना मामा म्हणायचे म्हणून मीही म्हणते.

इंजिनिअर म्हणत होता, "मी रात्री उठून घरातले प्लग तपासतो." जिमवाला म्हणाला, "मला मुलं नकोत असं मी ठरवलंय." अरे, आधी लग्नाला मुलगी तर मिळू दे! मग धूर डोळ्यांत यायला लागला म्हणून पंखा लावला. करमणूक बरी होती.

९ एप्रिल

पीठ आज परत फुगून ट्रेबाहेर. बर्फाचं पाणी घालूनही ही तऱ्हा. आमचे हे होते तेव्हा साधं माठातलं पाणी पुरायचं. मग मी फ्रिजचं घालायला लागले, मग बर्फ, आता तर बर्फाची पेटीच ठेवावी लागते आणि यीस्टही निम्म्यावर आणलं आहे. हल्लीच्या यीस्टमध्ये दम नाही असं नाही, उलट अंगात आल्यासारखं करतं. कंपन्या काय मिसळतात कोण जाणे.

धाकटी पाव न्यायला आली होती. मी हे बोलले तर माझ्याकडे टक लावून बघत राहिली. म्हणाली, "ताई, यीस्ट तेच आहे." मी म्हटलं, "तू भूगोल शिकव."

१३ एप्रिल, रविवार

मंडळाने बॅनर केला आहे. 'पृथ्वी वाचवा, प्लास्टिक टाळा'. बॅनर प्लास्टिकचा! बाळंतिणीच्या लक्षात आलं तेव्हा सगळे मेल्यासारखे गप्प. मग अर्धा तास तो टाकायचा की ठेवायचा यावर चर्चा. टाकला तर कचरा, ठेवला तर लाज. शेवटी मीच मागून घेतला. पिठाच्या पोत्यांवर टाकला आहे, छान बसतो.

इंजिनिअर मग भट्टी बघायला आला. कोणी बोलावलं नव्हतं. पत्र्याकडे बघून च्-च्, धुराड्याकडे बघून च्-च्. म्हणे पत्र्याखाली दुपारी भट्टी पेटवणं हा गुन्हा आहे. मी म्हटलं, "पोलिसांना बोलवा. येताना त्यांनाही पाव लागेल, चारला या म्हणावं."

कारण आमच्याकडे चारचा गरम पाव असतो. आमच्या ह्यांनी सुरू केला. बाकी सगळ्या बेकऱ्या पहाटे भाजायच्या. हे म्हणाले, माणूस चारला चहा पितो, मग पाव चारला का नको? म्हणून भट्टी दुपारी पेटते आणि चारला दुकानासमोर वळणापर्यंत रांग लागते. ते गेले, रांग राहिली. समोरच्याने आमची नक्कल करून पावणेचारचा पाव काढला. त्याला मी नावाने हाक मारत नाही, समोरचाच म्हणते. पंधरा मिनिटं आधी भाजलं म्हणजे शहाणपण येतं असं त्या माणसाला वाटतं. वर्षानुवर्षं त्याच्याशी बोलले नाही आणि त्यातून माझं काही अडलेलं नाही.

१७ एप्रिल

धाकटी दुकान आवरताना आली. चेहरा बघूनच कळलं, काहीतरी मागायचं आहे. म्हणाली, "ताई, भट्टी पहाटे पेटवता येणार नाही का? मामांचा चेहरा पाहिलात तुम्ही? लालबुंद असतो."

"भट्टीसमोर उभ्या माणसाचा चेहरा काय निळा असणार?"

"तसं नाही हो. आता उन्हाळा पूर्वीसारखा नाही राहिला."

"कोणाचंच काही पूर्वीसारखं राहत नाही. माझे केस बघ."

हसली नाही. हसायचं सोडलंच आहे तिने. मग मीच विचारलं, गंमत म्हणून, की बाई, तुझी ही पृथ्वी तापते म्हणजे नक्की काय होतं? तर म्हणाली, "भट्टी विझवल्यावर लगेच थंड होते का?" मी म्हटलं, "नाही. विटा तापलेल्या असतात, दुसऱ्या दिवसापर्यंत ऊब असते." "तसंच. आपण कोळसा, तेल जाळून हवेत इतका धूर सोडलाय, की आता जाळणं थांबवलं तरी ऊब लगेच उतरणार नाही."

"मग थांबवायचं कशाला?"

"कारण नाही थांबवलं तर अजून तापेल. विझवली की निदान वाढायची तरी थांबते ना भट्टी?"

हे एक वाक्य ती न थरथरता बोलली. शिकवताना अशीच बोलत असेल. मी म्हटलं, ठीक आहे, पण चारचा पाव चारलाच. ती वर गेली. भट्टीचं उदाहरण माझ्याच भट्टीवरून उचललं, आणि वर मलाच शिकवते!

२० एप्रिल, रविवार, दुपार

लिहिते आहे कारण वर आले ती डोळे धुवायला आणि आता खाली जाववत नाही. डोळ्यांत पीठ गेलं.

आज बाळंतीण बोलत होती. आवाज इतका बारीक, की पंखा बंद केल्याशिवाय एक अक्षर कळेना. म्हणून बंद केला आणि खिडकीला कानच लावला. म्हणाली, "बाळ झोपलं की मी त्याच्याकडे बघते आणि माफी मागते." वेडी पोर. बाळाची माफी कसली मागायची, त्याला वेळेवर पाजायचं. उद्या तिला थोडी नरम बिस्किटं पाठवते.

मग धाकटीची पाळी. मला वाटलं, आता बर्फ वितळणार. तर म्हणते कशी, "मला रात्री वाटतं, सगळं संपत चाललंय. मग सकाळी खालून ताईंचा आवाज येतो. कधी बर्फवाल्याशी भांडत असतात, कधी पिठाच्या पोत्याशी. तो आवाज आला ना, की मला उठावंसं वाटतं. वाटतं, या बाईला विचारल्याशिवाय जग काही संपायचं नाही."

सगळे हसले. मंडळात पहिल्यांदा कोणी हसलं असेल. माझ्यावर हसले मेले.

असं कोणी बोलतं का? लोकांसमोर? मला सांगायचं होतं तर जिना आहे ना मधे.

खाली काहीतरी आदळलं. पावाचे ट्रे असणार. जरा कोणी वर आलं की

२२ एप्रिल

ट्रे नव्हते. मामा होते.

जिन्यात पोचले तेव्हा मंडळींनी त्यांना अंगणात ओढून आणलं होतं. जिमवाल्याने एकट्याने उचललं म्हणे. मामांचं अंग भट्टीच्या विटेसारखं, आणि घाम नाही. बडबडत होते, माझ्या नवऱ्याला हाका मारत होते. धाकटी ओरडली, "पिठाचा बर्फ आणा, सगळा!" तिने स्वतः त्यांच्या मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावला. बाळंतिणीने बाळाची दुपटी भिजवून त्यांच्या अंगावर टाकली, इंजिनिअरने पुठ्ठ्याने वारा घातला, भाऊजी गाडी बघायला पळाले. धाकटीचा हात एकदाही थरथरला नाही. पेपर वाचताना थरथरणारी ती हीच.

मी जिन्यात उभी होते, हातात पेन. उभीच राहिले.

हॉस्पिटलातला डॉक्टर कोवळा आहे, पण बोलतो स्पष्ट. उष्माघात. बर्फ लावला नसता तर माणूस गेलाच होता म्हणाला. अजून धोका टळलेला नाही. बेकरी बंद. आमचे हे गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा. चारला रांग आली, कुलूप बघितलं आणि सरळ रस्ता ओलांडून समोरच्याकडे गेली. एकानेही विचारलं नाही, काय झालं म्हणून. पोटं आहेत नुसती, पिशव्या घेतलेली.

२४ एप्रिल

इंजिनिअर दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत आला. आज हेल्मेट नव्हतं. टक्कल आहे.

"ताई," म्हणाला, "एक्झॉस्ट पंखा बंद होता. मी बघितलं. मला आठवत नाही, पण मीच केला असणार. मला सवय आहे. जाता येता हात जातोच. माझ्या हातून माणूस मेला असता." आणि रडायला लागला.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "पाणी पिता का?"

एवढंच म्हटलं. पाणी दिलं, तो प्यायला, परत वाकून गेला. जाताना सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात गेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

न केलेल्या पापाची कबुली देणारा मूर्ख! याला एवढं शिकवलं कोणी? आणि मी? मी त्याच्या रडण्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं. हे लिहिताना मला माझी किळस येते आहे. रक्तदाब आज उतरलेला नाही, मोजायची गरज नाही.

२६ एप्रिल

मामा शुद्धीवर आहेत, उशीला टेकून बसतात. त्यांची लेक बस चालवते, ती गणवेशातच आली होती आणि माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर आहे.

ती चहा आणायला गेली तेव्हा मी मामांना सांगितलं. सरळ. "मामा, पंखा मी बंद केला होता. त्यांचं ऐकायला. आणि मग लावायचा विसरले."

"माहीत आहे," मामा म्हणाले.

"माहीत आहे? मग तुम्ही लावायचा नाही का?"

"तुम्ही ऐकत होतात."

मी त्यांची उशी सारखी केली. मग तेच म्हणाले, "मीही ऐकत होतो, बाई. ती लेकुरवाळी पोर बोलत होती ना. आणि मग धाकट्या वहिनी. तुम्ही वर गेलात तरी त्या बोलतच होत्या. म्हटलं, त्यांचं होऊ दे, मग लावू." मग म्हणाले, "पंख्याचं काय घेऊन बसलात. दोन वर्षांपासून दुपारी भट्टीसमोर उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोखी येते. पंखा लावूनसुद्धा."

"बोलला नाहीत कधी!"

"चारचा पाव होता ना."

लेक चहा घेऊन आली. तिने ऐकलं असावं. म्हणाली, "बाबा तिथे परत येणार नाहीत. तुम्ही दुसरा माणूस बघा. दुपारी मरायला तयार असलेला." मामा तिला गप्प म्हणाले. ती गप्प बसली नाही, आणि बसू नये. पोरीत दम आहे. माझ्या दुकानात असती तर आमचं रोज भांडण झालं असतं.

घरी येईपर्यंत ठरवलं होतं, की दुसरा माणूस मिळेल. आल्यावर भट्टीच्या खोलीत दुपारी दोनला जाऊन उभी राहिले. भट्टी थंड, नुसता पत्रा तापलेला. मला तिथे पाच मिनिटं काढवली नाहीत. दोन वर्षं!

२७ एप्रिल, रविवार

मंडळात गेले. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली, मी बसले नाही. उभ्यानेच इंजिनिअरला म्हटलं, "पंखा तुम्ही नाही, मी बंद केला. तुमचं चोरून ऐकायला. परवा तुम्ही रडलात तेव्हाही मला माहीत होतं. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "इथे सल्ला देत नाहीत, ताई."

जिमवाल्याला हसू आलं, त्याने खोकल्यासारखं केलं. बाळंतिणीने विचारलं, "मग आमचं काय काय ऐकलंत?" मी म्हटलं, "सगळं. आणि तुम्ही सगळे मिळून दर रविवारी तासन् तास घाबरता आणि घरी जाता. भिंतीपलीकडे माणूस भाजत होता. मीही बघितलं नाही, मान्य. पण मी निदान पृथ्वीची काळजी करते असं सांगत नव्हते." हे बोलल्यावर जरा जास्त झालं असं वाटलं. पण धाकटी उठली आणि म्हणाली, "बरोबर आहे. मग आजपासून भिंतीपलीकडे." अंगणातून सगळे उठले आणि भट्टीच्या खोलीत शिरले. मावत नव्हते, तरी शिरले.

४ मे, रविवार

पत्र्याला पांढरा रंग लावला की ऊन परतून जातं, खोली थंड राहते. हे इंजिनिअरचं म्हणणं. रंग आणायचं काम जिमवाल्याकडे. त्याने आणला हिरवा! का? तर म्हणे, पर्यावरणाचं काम आहे म्हणून. असल्या लोकांच्या हातात पृथ्वी द्यायची!

हिरवा परत करून पांढरा आणला. दिवसभर सगळे पत्र्यावर. भाऊजी शिडी धरून होते, त्यांच्या डोक्यावर इतका रंग पडला की आता ते निवृत्त झाल्यासारखे दिसतात. धाकटीने भिंतीत वर दोन झरोके पाडून घेतले, गरम हवा जायला. संध्याकाळी खोलीत जाऊन उभी राहिले. फरक आहे. इंजिनिअरला सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर चढून बसेल.

चारच्या पावाचं मात्र मीच सुचवलं. पहाटे भट्टी पेटवायची, सकाळीच पाव भाजायचा, पण जरासा कमी. मग चारला विस्तव न घालता, सकाळच्या विटांच्या उबेवर परत थोडा वेळ आत ठेवायचा. वरचा पापुद्रा कडक होतो, आत मऊ. धाकटी म्हणाली, "ताई, हे तुम्हाला सुचलं कसं?" सुचलं नाही, माहीत होतं. शिळ्या पावाचा चुरा मी तसाच वाळवते. मग सतरा तारखेला तिने विचारलं तेव्हा बोलले का नाही? कारण तेव्हा मी तिला नाही म्हणायचं ठरवलं होतं.

९ मे

मामा आले. लेकीने स्वतः आणून सोडलं, आत येऊन खोली बघितली, भिंतीला हात लावून बघितला, आणि अटी सांगितल्या. सकाळी दहाच्या आत विस्तव विझला पाहिजे. आणि बाबा भट्टीसमोर उभे राहणार नाहीत. डॉक्टर म्हणतात, एकदा असं झालेल्या शरीराला पुन्हा उष्णता लवकर बाधते. पीठ मळतील, अंगणाकडच्या दारात बसून. "आणि मी रोज विचारीन," म्हणाली. विचार बाई. तुझी बस माझ्या दारावरूनच जाते.

म्हणजे भट्टीवर मी. लांब दांड्याचं फावडं माझ्या हातात, आणि मामा स्टुलावरून, "असं नाही, बाई. ढकलू नका, सोडा. पाव आहे तो, चोर नाही." इतकी वर्षं हा माणूस मोजकं बोलतो असं मला वाटत होतं! आता तोंड बंद होत नाही. पहिला घाणा काळा झाला. मामा म्हणाले, "तुमचे हेसुद्धा असाच जाळायचे." हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

१२ मे

गिऱ्हाइकं! रांगेतला एक चष्मेवाला पाव दाबून म्हणतो, "हा सकाळचा आहे. तापवलेला आहे." मी म्हटलं, "हो. आहे." म्हणतो, "चारचा ताजा पाव ही तुमची ओळख होती." त्याचा हात धरून त्याला गल्ल्यामागून आत नेलं आणि भट्टीच्या तोंडासमोर उभं केलं. विझलेल्या भट्टीच्या! दोन मिनिटांत चष्म्यावर वाफ. म्हटलं, "इथे दुपारी विस्तव होता आणि साठीचा माणूस होता. तुम्हाला ताजा पाव पाहिजे ना? फावडं देते, भाजून घ्या." चार पाव जास्तीचे घेऊन गेला.

मग मागच्या दोघींना मी भट्टीच्या विटांचं समजावून सांगितलं. विझवली तरी ऊब राहते, पण विझवली नाही तर वाढतच जाते, वगैरे. धाकटी गल्ल्याशी उभी राहून ऐकत होती. तिचं उदाहरण चोरल्याचं काही बोलली नाही. तिच्या शाळेतल्या मुलांना ती आता इथे घेऊन येणार आहे, गल्लीतली तापणारी छपरं मोजायला आणि रंगवायला. परवापासून पेपरही स्वतः उघडते. भाऊजींना दुकानात उभं राहायला कारण उरलं नाही, तरी येतात.

पण निम्मी रांग समोर गेली ती गेलीच. पावणेचारला त्याच्या धुराड्यातून भसाभसा धूर. ताजा पाव! पाटी लावली आहे मेल्याने, 'आजच, आत्ताच'.

१५ मे

आज उकाडा असा की कावळासुद्धा सावली सोडेना. दोन वाजता वर खिडकीत बसले होते. समोर धूर. बघायचं नाही ठरवलं, बघितलंच. त्याच्या भट्टीच्या खोलीलाही पत्रा आहे, आणि तो गंजून काळा पडला आहे. त्याचे भट्टीवाले एकेक करून सोडून गेले हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आता तो स्वतःच उभा राहतो. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल.

मला काय त्याचं? पाहिजे तर मरू दे. हे मनात म्हटलं आणि मग बसवेना. चपला घातल्या.

आत गेले. बनियन अंगाला चिकटलेलं, चेहरा जसा मामांचा त्या दिवशी. भट्टीच्या कडेला हात टेकून उभा. मला बघून म्हणाला, "तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?"

"तो डोक्यावर आहे. म्हणून आले. बाहेर बसा आधी."

"पाव आत आहेत."

"जळू देत. तुमचे तसेही काय फार चांगले नसतात."

बसला. म्हणजे पाय दुमडले म्हणून बसला. पायरीवर पाणी प्यायला, उरलेलं मी त्याच्या डोक्यावर ओतलं. इतकी वर्षं ओतावंसं वाटत होतं. जरा सावरल्यावर सांगितलं, पहाटे पेटवा, विटांच्या उबेवर चारला कडक करा, पत्रा मंडळ रंगवून देईल, एक जिमवाला आहे त्याला रंग आणायला पाठवू नका.

तो संशयाने बघत राहिला. "म्हणजे दोघांचा पाव सारखाच तापवलेला. मग माझी गिऱ्हाइकं परत तुमच्याकडे. हुशार आहात."

"नाही विझवलीत, तर तुम्ही या उन्हाळ्यात मराल. मग सगळीच गिऱ्हाइकं माझी. मला त्यात जास्त फायदा आहे. कळतंय?"

"मग मला सांगायला कशाला आलात?"

 त्याच्या पत्र्याकडे बघितलं, त्या मूर्ख पाटीकडे बघितलं.

"तुम्ही गेलात तर मी रोज नावं कोणाला ठेवू?" म्हटलं, आणि निघून आले. रस्ता ओलांडून एकदा मागे बघितलं, पायरीवरच बसला होता. ऊन फार होतं.

१७ मे

पहाटे मामांना दारात स्टूल देऊन भट्टी पेटवली. फटफटल्यावर सहज रस्त्यापलीकडे बघितलं. समोरच्याच्या धुराड्यातून धूर. मामांनाही हाक मारून दाखवला. आमचे ट्रे आत जाऊन दुसरा घाणा चालू होता, आणि हा आत्ता कुठे लाकडं लावतो आहे. आळशी माणूस.